मास ह्यूमॅनिटीज: मागच्या रांगेत उभे राहून चालवलेली संस्था

जुलै महिन्याच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधील कित्येक गावांत एक साधा कार्यक्रम होतो. ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर किंवा चर्चच्या आवारात घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, एका बाजूला माईक असतो आणि माईकसमोर रांग लागलेली असते. रांगेतील प्रत्येक जण पुढे येऊन हातातील कागदावरचा एक परिच्छेद मोठ्याने वाचतो आणि बाजूला होतो. पुढचा माणूस तिथूनच पुढे वाचू लागतो. शाळकरी मुलगी, निवृत्त पोस्टमन, नगरपालिकेचा एखादा सदस्य, नुकतेच या देशात आलेले कोणी, अशा वीसपंचवीस आवाजांतून एकच भाषण पुरे होते. ते भाषण फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे केले होते. गुलामीतून निसटून आलेल्या या माणसाला स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलण्यासाठी सन्मानाने बोलावले होते, आणि त्याने बोलावणाऱ्यांनाच विचारले की, तुमच्या या चार जुलैशी गुलामाचा संबंध काय?

मी पहिल्यांदा या रांगेत उभी राहिले, तेव्हा हा उपक्रम आमच्या गावच्या ग्रंथालयाचाच आहे अशी माझी समजूत होती. दुसऱ्या वर्षी वाचनाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवताना खाली बारीक अक्षरांत छापलेले नाव दिसले: मास ह्यूमॅनिटीज. भाषणाचा संक्षेप त्यांनी पुरवलेला, आयोजन कसे करावे याचे मार्गदर्शन त्यांचे, ग्रंथालयाला मिळालेले छोटे अनुदानही त्यांचे; माईकसमोर मात्र त्यांच्यापैकी कोणीही नव्हते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे जरा चमत्कारिकच वाटते, कारण आपल्याकडे शाल आणि श्रीफळ उरकेपर्यंत मूळ वक्त्याचा निम्मा वेळ संपलेला असतो. त्यानंतरच्या काही वर्षांत या संस्थेच्या काही सेवा मी स्वतः वापरल्या, काही जवळून पाहिल्या, आणि ती चालवणारी माणसे नेमकी कोण आहेत व ती काय करतात हे समजून घेतले. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना या सेवेचा उपयोग व्हावा आणि महाराष्ट्रातील वाचकांना एका निराळ्या रचनेची ओळख व्हावी, या दोन्ही हेतूंनी हा अभिप्राय लिहीत आहे.

मास ह्यूमॅनिटीज ही नॉर्थॅम्प्टन येथे कार्यालय असलेली, १९७४ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, भाषा यांना मिळून आपण मानव्यविद्या म्हणतो; त्या विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, राज्यभरातील सामान्य माणसांपर्यंत नेणे हे तिचे काम. ती सरकारी खाते नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. त्याच राज्यात मास कल्चरल कौन्सिल नावाची एक सरकारी यंत्रणा आहे, तिच्याकडून मास ह्यूमॅनिटीजला मदतही मिळते, आणि नावांच्या साधर्म्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो.

अशी एक संस्था अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कला आणि मानव्यविद्या यांच्यासाठीच्या कायद्यावर सही केली, आणि त्यातून नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्यूमॅनिटीज ही केंद्रीय संस्था जन्माला आली. केंद्राचा पैसा राज्यांतील सामान्य लोकांपर्यंत कसा न्यावा, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सहा राज्यांत तीन पद्धती अजमावून पाहण्यात आल्या: काही ठिकाणी हे काम आधीपासूनच्या कला परिषदांना दिले, काही ठिकाणी विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांना, आणि काही ठिकाणी नव्याने जमवलेल्या स्वयंसेवक नागरिकांच्या समित्यांना. यांपैकी तिसरी पद्धत टिकली. आज पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि पोर्तो रिको, ग्वाम यांसारखे पाच प्रदेश मिळून अशा ५६ परिषदा आहेत. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कार्यक्रम सार्वजनिक धोरणाच्या एखाद्या प्रश्नाशी जोडलेला असावा अशी अट होती, आणि म्हणूनच या संस्थेच्या जुन्या नावात मानव्यविद्येच्या जोडीला ‘सार्वजनिक धोरण’ हेही शब्द होते. १९७६ नंतर ही सक्ती उरली नाही. ती गेली हे बरे झाले, असे मला वाटते. कवितेला दर वेळी धोरणाचे तिकीट काढायला लावले, की ती दारातूनच परत जाते.

स्वयंसेवक समितीतून संस्था जन्मल्याचा परिणाम तिच्या माणसांवर आजही दिसतो. संचालक मंडळावर प्राध्यापक आहेत तसे संग्रहालये चालवणारे, वकील, शिक्षक, व्यावसायिकही असतात. काही सदस्य नेमण्याची मुभा राज्याच्या गव्हर्नरला कायद्याने दिलेली आहे, पण मंडळाचा ताबा त्याच्याकडे नसतो. या कामाचे मानधन मंडळावरच्या माणसांना मिळत नाही. त्यांच्या हाताखाली पगारी कर्मचाऱ्यांचा एक छोटा गट असतो: अनुदानाचे अर्ज पाहणारे कार्यक्रम अधिकारी, देणग्या जमवणारे, हिशेब ठेवणारे आणि संपर्काचे काम करणारे. कार्यकारी संचालकपद डेव्हिड टेबाल्डी यांनी सुमारे तीन दशके सांभाळले, आणि २०१८ मध्ये ते ब्रायन बॉयल्स यांच्याकडे आले. बॉयल्स त्यापूर्वी लुइझियाना राज्यातील अशाच संस्थेत होते. एका राज्यातील परिषदेचा माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन तेच काम करतो, म्हणजे हा आता एक व्यवसाय झाला आहे, ही बाब मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे व्याख्यानमालेचा चिटणीस हा बहुधा बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेला, पदरमोड करणारा गृहस्थ असतो, आणि तो थकला की व्याख्यानमालाही थकते.

पैशाच्या बाबतीत एक नियम या माणसांच्या रोजच्या कामाला वळण लावतो. केंद्राकडून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे तितक्याच किमतीची बिगरकेंद्रीय मदत उभी केल्याचे दाखवावे लागते. ती रोख असलीच पाहिजे असे नाही. ग्रंथालयाने फुकट दिलेले सभागृह, स्वयंसेवकाने दिलेले तास यांचीही किंमत धरता येते. त्यामुळे गावातील कोणा आजींनी खुर्च्या मांडण्यात घालवलेले दोन तासही एका तक्त्यात नोंदले जातात. मला पहिल्यांदा हा प्रकार हास्यास्पद वाटला होता. नंतर लक्षात आले की, या नोंदीमुळेच त्या दोन तासांना कागदावर अस्तित्व मिळते. आपल्या संस्थांच्या ताळेबंदात अशा आजी कुठेच नसतात.

आता प्रत्यक्ष सेवांकडे वळते. डग्लस यांच्या भाषणाचे सामूहिक वाचन ही माझ्या मते त्यांची सर्वांत चांगली कल्पना आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. मूळ भाषण पुष्कळ लांब आहे. ते जसेच्या तसे वाचायला तासाहून अधिक वेळ लागेल, आणि जुलैच्या उन्हात इतका वेळ कोणी बसणार नाही. संक्षेप करणाऱ्याने इथे मोठी जबाबदारी घेतलेली असते, कारण या भाषणाची ताकद त्याच्या रचनेत आहे. डग्लस आधी बराच वेळ श्रोत्यांच्या पूर्वजांची मनापासून स्तुती करतात, त्यांच्या धैर्याचे वर्णन करतात, आणि श्रोते सैलावल्यावर एकदम वळतात. स्तुतीचा भाग छाटला, तर उरेल तो निव्वळ संताप. संताप छाटला, तर उरेल ते पाठ्यपुस्तक. वाटण्यात येणाऱ्या संक्षेपात हे वळण शाबूत ठेवले आहे, आणि त्याचे श्रेय ज्या कोणा अनामिक माणसाने लाल पेन्सिल हातात धरली त्याला द्यायला हवे.

दुसरी गोष्ट रांगेची. एका नामवंत नटाला बोलावून हे भाषण वाचून घेता आले असते आणि गर्दीही झाली असती. त्याऐवजी ते तुकड्या-तुकड्यांत अनोळखी माणसांच्या तोंडी दिले आहे. वाचताना कोणी अडखळतो, कोणाचा उच्चार चुकतो, एखाद्याचा आवाज मध्येच भरून येतो. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे रांगेत किती मागे उभे आहोत यावर ठरते, त्यामुळे एका वर्षी मला पूर्वजांची स्तुती वाचायला मिळाली आणि पुढच्या वर्षी गुलामांच्या बाजाराचे वर्णन. जे वाक्य मनात वाचताना सहज मान्य होते, ते स्वतःच्या तोंडून, शेजाऱ्यांच्या समोर उच्चारताना घसा कोरडा पडतो. वारीत अभंग ऐकणे आणि म्हणणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

बॉस्टन कॉमन या सार्वजनिक उद्यानात, राज्य विधिमंडळाच्या इमारतीसमोरील चोपन्नाव्या पलटणीच्या स्मारकापाशी होणारे वाचन एकदा तरी अनुभवावे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या या पलटणीत डग्लस यांचे दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, भरती झाले होते. ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांनी घडवलेले हे कांस्यशिल्प १८९७ मध्ये उभे राहिले. आपण परिच्छेद वाचत असताना शिल्पातील कूच करणाऱ्या सैनिकांची पावले पाठीमागून चालत आहेत असा भास होतो. खुर्ची, टोपी आणि पाणी घरून न्यावे, एवढीच व्यावहारिक सूचना.

क्लेमेंट अभ्यासक्रमाला मास ह्यूमॅनिटीज पाठबळ देते. ही सेवा मी स्वतः वापरलेली नाही, पण जवळून पाहिली आहे. अर्ल शॉरिस या लेखकाने १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, रॉबर्टो क्लेमेंट या बेसबॉलपटूचे नाव असलेल्या एका केंद्रात तो सुरू केला. गरिबांना धंदेशिक्षण देणारे पुष्कळ आहेत, पण श्रीमंतांची मुले ज्या विद्या शिकून जग चालवतात त्या तत्त्वज्ञान, साहित्य, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास या विद्या त्यांना कोणी का देत नाही, असा त्याचा प्रश्न होता. वर्ग संध्याकाळी भरतात, शुल्क नाही, पुस्तके मोफत मिळतात, आणि अभ्यासक्रम पूर्ण केल्यास बार्ड कॉलेजचे श्रेयांक मिळतात. मॅसॅच्युसेट्समध्ये डॉर्चेस्टर, वुस्टर, स्प्रिंगफील्ड, ब्रॉक्टन अशा ठिकाणी हे वर्ग चालत आले आहेत. डॉर्चेस्टरचा वर्ग कॉडमन स्क्वेअर येथील आरोग्य केंद्राच्या आश्रयाने चालतो, म्हणजे रक्तदाब तपासायला जाण्याच्या जागी लोक सॉक्रेटिसवर वाद घालतात.

माझ्या ओळखीची, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणारी एक बाई अशा वर्गाला जात असे. तिला सर्वांत नवल कशाचे वाटले, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की, हे शिकून पुढे कोणती नोकरी करणार, असे तिथे एकानेही विचारले नाही. मुंबईच्या रात्रशाळांनी गिरणी कामगारांच्या आणि घरकाम करणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या परीक्षेला बसवल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. पण परीक्षा नसलेली, नुसती विचार करायला शिकवणारी रात्रशाळा आपल्याकडे अशा माणसांसाठी कोणी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. राष्ट्रीय मानव्यविद्या पदकाने २०१४ सालासाठी या अभ्यासक्रमाचा गौरव झाला, ही गोष्ट त्या बाईला माहीत नव्हती आणि तिचे त्यावाचून काही अडलेही नव्हते.

मास मोमेंट्स हा त्यांचा आणखी एक उपक्रम. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी राज्याच्या इतिहासातील एक घटना त्यात थोडक्यात सांगितलेली आहे, आणि ती रोज ईमेलने मागवता येते. सकाळच्या चहाबरोबर वाचण्याइतकाच मजकूर असतो. कधी वाफेवर चालणाऱ्या गिरणीतील संप, कधी १८५४ मध्ये बॉस्टनच्या रस्त्यांवरून सैनिकांच्या पहाऱ्यात पुन्हा गुलामीत नेलेला अँथनी बर्न्स. लेखन नेटके आहे. शाळेतील मुलांच्या पालकांनी ही सेवा जरूर घ्यावी.

आता अनुदानांविषयी. ‘एक्सपांड मॅसॅच्युसेट्स स्टोरीज’ या नावाने दिले जाणारे अनुदान कमाल २०,००० डॉलरपर्यंत असते आणि ज्यांच्या कहाण्या आजवर राज्याच्या इतिहासात आल्या नाहीत अशांच्या कामाला त्यात प्राधान्य मिळते. अमेरिकेच्या हिशेबाने ही रक्कम लहानच. पण गावातील ऐतिहासिक मंडळाला किंवा स्थलांतरितांच्या संस्थेला तेवढ्यात मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, त्यांचे लेखन करून घेणे आणि एखादे छोटे प्रदर्शन भरवणे शक्य होते. अर्ज भरण्यापूर्वी कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलून घ्यावे, हा सल्ला मी आग्रहाने देईन. अनुदान देणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही अर्जातील चूक शोधतात, तर काही अर्जातील कल्पना शोधून ती चौकटीत कशी बसेल ते सांगतात. परिषदांच्या या सगळ्या रचनेचा कस इथेच लागतो, कारण नियम सगळीकडे साधारण सारखेच आहेत आणि फरक पडतो तो फोनच्या पलीकडे बसलेल्या माणसाने.

हा फरक किती पडतो याचा एक अनुभव सांगते. राज्य दुसरे आहे आणि संस्थेचे नाव मुद्दामच लिहीत नाही. माझ्या मैत्रिणीच्या मंडळाने जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या, आता अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेण्याचे ठरवले होते. अर्जात मानव्यविद्येचा एक अभ्यासक दाखवावा लागतो. त्यांनी चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या आणि शेकडो ओव्या स्वतः उतरवून घेतलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचे नाव दिले. बाईंकडे पीएच.डी. नाही, या कारणाने अर्ज परत आला. पुढच्या वर्षी एका विद्यापीठातील प्राध्यापकाचे नाव घातले आणि अर्ज मंजूर झाला; त्या प्राध्यापकाला ओवी आणि अभंग यांतला फरकही त्या शिक्षिकेनेच समजावून दिला. अशा वेळी कागदापलीकडे पाहणारा अधिकारी असेल तरच या पैशाला अर्थ राहतो.

मास ह्यूमॅनिटीजविषयी माझी हरकत वेगळी आहे, आणि ती वर ज्या गुणाचे कौतुक केले त्याच्याच दुसऱ्या बाजूची आहे. ही माणसे स्वतःला इतकी मागे ठेवतात की, त्यांच्या सेवेचा लाभ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचे नाव सांगता येत नाही. चांगल्या काळात हा विनय शोभून दिसतो. २ एप्रिल २०२५ रोजी काळ बदलला. त्या दिवशीच्या पत्रांनी नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्यूमॅनिटीज या केंद्रीय संस्थेने देशभरातील राज्य परिषदांची चालू अनुदाने एकाएकी रद्द केली. २०२४ साली त्या संस्थेची एकूण तरतूद २०.७ कोटी डॉलर होती आणि तिचा मोठा हिस्सा परिषदांकडे जात असे, तेव्हा काही छोट्या राज्यांतील परिषदांपुढे दार बंद करण्याचाच प्रश्न उभा राहिला. २०२० च्या साथीत याच केंद्रीय संस्थेला मिळालेल्या ७.५ कोटी डॉलरच्या आपत्कालीन निधीतील ३ कोटी याच परिषदांच्या हातून गावोगावच्या संग्रहालयांना आणि ग्रंथालयांना पोचले होते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याशिवाय पैसा गावात पोचत नव्हता, तेच आता अनावश्यक ठरले.

एप्रिलच्या अखेरीस मेलन फाउंडेशन या खासगी संस्थेने १.५ कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली. त्यातून प्रत्येक परिषदेला २ लाख डॉलर लगेच आणि स्वतः देणग्या जमवल्यास आणखी ५०,००० पर्यंत, अशी ती विभागणी होती. ऑरेगन राज्याची परिषद आणि परिषदांचा राष्ट्रीय महासंघ न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पोर्टलंड येथील संघीय न्यायाधीश मायकेल सायमन यांनी त्यांच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. या काळात मी आमच्या गावातील दहाबारा जणांना, जे दर वर्षी न चुकता रांगेत उभे राहतात, विचारून पाहिले की, तुमचे वाचन बंद पडू शकते हे तुम्हाला ठाऊक आहे का. ग्रंथालयाला काही झाले आहे का, असा उलट प्रश्न बहुतेकांनी केला. आपल्या लोकप्रतिनिधीला फोन करायचा तर कोणाच्या वतीने करायचा, हेच त्यांना सांगता येत नव्हते. कागदाच्या तळाशी छापलेले ते नाव निदान चार अंक मोठ्या टायपात असायला हवे होते, असे मला तेव्हा तीव्रतेने वाटले आणि अजूनही वाटते.

महाराष्ट्राशी तुलना करायचा मोह होतो, म्हणून थोडेच लिहिते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले. ते शासनाचे मंडळ आहे, त्याची नेमणूक आणि निधी दोन्ही शासनाकडून येतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून लोकांच्या बळावर चालत आली आहे, पण ती एका शहराची. शासनाच्या पैशावर पण शासनाबाहेर राहून, गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक तालुक्यातील वाचनालयाला हजार-दोन हजारांची मदत आणि एक तयार संहिता पुरवणारी, मधली अशी पायरी आपल्याकडे नाही. ती असती तर २०२५ सारखा आघात तिच्यावरही होऊ शकला असता, हेही मान्य करायला हवे.

मॅसॅच्युसेट्समधील मराठी माणसांनी मात्र या संस्थेचा जो उपयोग करून घ्यायला हवा, तो अजून फारसा केलेला नाही, आणि इथे साहित्य इतके आहे की, आश्चर्य वाटते. ‘ज्यांच्या कहाण्या इतिहासात आल्या नाहीत’ या निकषात आपले काय बसणार, असे अनेक जण विचारतात. १८१३ मध्ये मुंबईत उतरून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभारणारे मिशनरी बॉस्टनच्या संस्थेने पाठवले होते. त्याच संस्थेने १८२७ मध्ये पाठवलेल्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. त्या मिशनची कागदपत्रे आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पंडिता रमाबाईंच्या कामाला मदत करणारी रमाबाई असोसिएशन १८८७ मध्ये बॉस्टनमध्येच स्थापन झाली. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी बॉस्टनशेजारच्या केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमध्ये शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. त्यांचे वडील धर्मानंद तिथे पाली ग्रंथावर काम करत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेले पत्र ॲमहर्स्ट येथील विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि ते ठिकाण मास ह्यूमॅनिटीजच्या कार्यालयापासून मोटारीने काही मिनिटांवर आहे. दिवाळी आणि गणपतीचे कार्यक्रम आपण उत्तम करतो. त्यांतील चार संध्याकाळी या कामासाठी काढायला हरकत नाही.

डग्लस यांच्या वाचनाशीही आपला संबंध आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले, तेव्हा ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले. त्या वेळी डग्लस हयात होते. म्हणून संक्षेपाचे मराठी भाषांतर करून, आपल्या गावच्या वाचनात एखादा परिच्छेद मराठीत आणि लगेच इंग्रजीत वाचावा, अशी माझी कल्पना आहे, आणि त्याचा कच्चा खर्डा मी करून पाहिला आहे.

अडचण पहिल्याच पानावर आली. डग्लस श्रोत्यांना मोठ्या अदबीने संबोधतात, तेव्हा मराठीत ‘आपण’ म्हणणे रीतीला धरून आहे. पण ‘आपला स्वातंत्र्यदिन’, ‘आपले पूर्वज’ असे लिहिले की, मराठीत त्याचे दोन अर्थ होतात: समोरच्यांचा, आणि सगळ्यांचा मिळून. नेमका हा दुसरा अर्थच डग्लस नाकारत आहेत; हा दिवस माझा नाही, हेच तर त्यांना सांगायचे आहे. ‘तुमचा’ लिहावे तर सुरुवातीची अदब जाते, ‘आपला’ लिहावे तर भाषणाचा कणाच जातो. सध्या मी आरंभीच्या स्तुतीत ‘आपले’ ठेवले आहे आणि वळणानंतर ‘तुमचे’ केले आहे. आमच्या शेजारचे एक काका, जे पंचवीस वर्षांपूर्वी इथले नागरिक झाले, त्यांना हे पटत नाही; पहिल्या शब्दापासून ‘तुमचे’ हवे, असे त्यांचे म्हणणे आहे. जुलैपूर्वी आम्हा दोघांना हे ठरवावे लागेल, कारण रांगेत तो परिच्छेद वाचायला त्यांनीच नाव दिले आहे.